काळें, पांढरें आणि त्यांमधलें

कॅमेऱ्याचा खटका दाबला कीं छायाचित्र झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तेथें निम्मेंच काम होतें. उरलेलें निम्में काम अंधारांत, तांबड्या दिव्याच्या मंद उजेडांत, तीन पसरट भांड्यांपुढें उभें राहून करावयाचें असतें. आणि चित्राचें बरेंवाईट पुष्कळदां तेथेंच ठरतें. एकाच निगेटिव्हवरून दोन माणसांनीं काढलेल्या दोन प्रती शेजारीं शेजारीं ठेवाव्या. एकींतलीं माणसें जिवंत वाटतात. दुसरींत तींच माणसें राखेंत बुडाल्यासारखीं, नाहीं तर कोळशांतून कोरल्यासारखीं दिसतात. हा फरक ज्या गोष्टीमुळें पडतो तिला छायाचित्रकार कॉन्ट्रास्ट म्हणतात. काळ्यापांढऱ्यांतलें अंतर, असा तिचा सोपा अर्थ. हें अंतर घरच्या अंधारखोलींत आपल्या ताब्यांत कसें ठेवावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, कोल्हापूरकरांना हा विषय परका वाटावयाचें कारण नाहीं. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे चित्रकार. चलच्चित्रें काढावयाचीं तर कॅमेरा पाहिजे, म्हणून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो याच गांवांत घडविला, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रपटांत त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्यें एक उदास झोंपडी आणि भुंकणारें कुत्रें असा अगदीं कमी उजेडांतला प्रसंग होता, तो पाहणाऱ्यांच्या मनांत वर्षानुवर्षें घर करून राहिला. काळोख दाखवावयाचा म्हणजे पडदा नुसता काळा करावयाचा नव्हे. त्या काळोखांत काय आहे तें डोळ्यांना चांचपडतां आलें पाहिजे, हें चित्रकाराला ठाऊक असतें. छपाई करणाऱ्यालाहि शेवटीं हेंच शिकावें लागतें.

अशाच एका काळोखाची हकीकत सांगितली म्हणजे विषय समजण्यास सोपा जाईल.

कोल्हापुरांतील शुक्रवार पेठेंतल्या एका घरीं भिंतीवर एक जुना फोटो टांगलेला होता. सुमारें सत्तर वर्षांपूर्वींचा, पंचगंगेच्या घाटावर भर दुपारीं काढलेला. पांढरा फेटा बांधलेले, धोतर नेसलेले आजोबा उन्हांत उभे आहेत. त्यांच्या मागें काळ्या दगडाच्या देवळाच्या सावलींत, गडद रंगाचें लुगडें नेसलेल्या आजी एका लहान मुलीला कडेवर घेऊन उभ्या आहेत. आजोबांच्या मिशांचा आंकडा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आजींचा चेहरा मात्र पदराखालचा नुसता एक काळा डाग. फोटो काढल्यावर वर्षभरांतच त्या वारल्या. त्यांचा दुसरा फोटो कोणी काढलेला नव्हता. कडेवरची ती मुलगी आतां स्वतः सत्तरी ओलांडलेली आजी आहे. आपल्या मुलाला ती म्हणे, “आईचा फोटो आहे रे, पण आई त्यांत नाहीं.”

हा मुलगा बँकेंतून नुकताच निवृत्त झालेला. कॉलेजांत असतांना त्याला छायाचित्रणाचा नाद होता. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आवरतांना त्याला पातळ कागदांत गुंडाळलेली त्या फोटोची निगेटिव्ह सांपडली. जुना एन्लार्जर त्यानें पुसूनपासून बाहेर काढला, न्हाणीघराच्या खिडकीला काळें कापड ठोकलें, मोरीवर फळी टाकली आणि कामाला सुरुवात केली. आई एवढेंच म्हणाली, “बघ बाबा, जमलं तर.”

त्यानें प्रथम निगेटिव्ह उजेडासमोर धरून भिंगांतून पाहिली. निगेटिव्हमध्यें सर्व उलटें असतें. फेट्याच्या जागीं दाट काळा थर; सावलीच्या जागीं जवळजवळ कोरी, पारदर्शक फिल्म. आजींच्या चेहऱ्याच्या जागीं थर फार विरळ होता, परंतु अगदींच नव्हता असें नाहीं. कपाळ, नाकाची कड, हनुवटीखालची सावली यांच्या पुसट खुणा ओळखूं येत होत्या. ही पाहणी आधीं करणें फार अगत्याचें आहे. निगेटिव्हमध्यें जें उतरलेलें नाहीं तें कोणत्याहि कागदानें किंवा औषधानें प्रतींत येत नाहीं. उलट, तेथें जें पुसट कां होईना उतरलें आहे, तें प्रतींत आणण्याची जबाबदारी छापणाऱ्याची.

पहिल्या दिवशीं त्याच्या तीन प्रती बिघडल्या; आणि तिघींचीं कारणें निरनिराळीं असल्यामुळें तीं सांगण्यासारखीं आहेत. पहिली प्रत त्यानें कठीण जातीच्या छपाईची काढली. फेटा छान उठला, चेहरा भिंतींवरच्या फोटोइतकाच काळा. दुसऱ्या प्रतीला त्यानें उजेड निम्म्याहून कमी दिला. चेहरा करडा होऊन कांहींसा दिसूं लागला, परंतु फेटा आणि धोतर कोऱ्या कागदांत विरून गेलीं. आजोबांचें डोकें अधांतरीं तरंगूं लागलें. तिसऱ्या वेळीं त्यानें उजेड भरपूर दिला आणि डेव्हलपरमध्यें चेहरा काळा पडूं लागतांच वीस सेकंदांत कागद घाईघाईनें बाहेर ओढला. ही प्रत सर्वांत वाईट. काळें कोठेंच पुरतें काळें नाहीं, सर्वत्र चिखलासारखा रंग आणि मध्येंच पट्टे.

असें कां झालें? कागदाची झेंप मर्यादित आहे, हें त्याचें कारण. चकचकीत कागदावरचें सर्वांत गडद काळें जितका उजेड परत फेंकतें, त्याच्या साधारण शंभरपट उजेड त्याच कागदाचा कोरा भाग फेंकतो. खरखरीत किंवा मंद पृष्ठाच्या कागदावर हें प्रमाण चाळीस-पन्नासपटच असतें. उलट, भर उन्हांतलें धोतर आणि देवळाच्या आंतली सावली यांमध्यें पांचशें किंवा हजारपटींचाहि फरक असूं शकतो. हंड्यांतलें पाणी तांब्यांत ओतावयाचें असा हा प्रकार आहे. तांब्या वर धरला काय आणि खालीं धरला काय, कांहीं तरी सांडणारच. उजेड कमी-जास्त करणें म्हणजे तांब्या वर-खालीं धरणें. त्यानें एका टोंकाचें वांचतें, दुसऱ्याचें सांडतें. हंड्यांतलें सारें मावावयास पाहिजे असेल तर भांडेंच बदललें पाहिजे. छपाईच्या भाषेंत याला कागदाचा नंबर बदलणें म्हणतात.

पंचगंगेच्या घाटाचीच उपमा येथें चांगली लागू पडते. पाण्यापासून वरच्या रस्त्यापर्यंत चढावयाचें अंतर तेंच. परंतु पायऱ्या उंच केल्या तर थोड्याच पुरतात, बेताच्या ठेवल्या तर पुष्कळ बसतात. कठीण कागदाच्या पायऱ्या उंच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तो चार ढांगांत जातो, मधले करडे रंग गिळून टाकतो. मृदु कागदाच्या पायऱ्या बेताच्या. तो मधल्या रंगांना जागा देतो. इंग्लंडांत काम करणाऱ्या हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनीं मिळालेला उजेड व पडलेला काळेपणा यांचा संबंध मोजून तो आलेखावर मांडला आणि १८९० सालीं प्रसिद्ध केला. त्या रेषेचा चढ जितका उभा तितका कॉन्ट्रास्ट अधिक, हें तेव्हांपासून छायाचित्रणाचें व्याकरणच होऊन बसलें आहे.

निगेटिव्ह जोरकस, म्हणजे काळ्यापांढऱ्यांत फार अंतर असलेली असेल, तर मृदु कागद घ्यावा. निगेटिव्ह मळकट, फिकी असेल तर कठीण घ्यावा. दोन नंबरचा कागद मध्यम, त्याखालचे मृदु, वरचे कठीण, असा संकेत आहे. पूर्वीं प्रत्येक नंबराची वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. इल्फर्ड कंपनीनें १९४० सालीं मल्टिग्रेड नांवाचा कागद काढला आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला. आजहि या जातीचे कागद मिळतात. त्यांवरील चांदीच्या क्षारांचा लेप असा मिश्र असतो कीं, निळ्या उजेडानें तो कठीण वागतो आणि हिरव्या उजेडानें मृदु. एन्लार्जरमध्यें पिंवळी कांच धरली कीं ती निळा उजेड अडविते, म्हणून प्रत मृदु येते. जांभळट-गुलाबी कांच हिरवा अडविते, म्हणून प्रत कठीण येते. या फिल्टरांचे नंबर दोन शून्यांपासून पांचापर्यंत असतात. इल्फर्डच्या फिल्टरांत साडेतीनपर्यंत उजेडाचा वेळ बदलावा लागत नाहीं. चार नंबरपासून पुढें तो दुप्पट करावा लागतो.

आतां नंबर ठरवावयाचा कसा? अंदाजानें नव्हे. त्यासाठीं एक साधा नियम आहे, आणि या सर्व विवेचनांत लक्षांत ठेवण्यासारखा तोच आहे : पांढरें उजेडाच्या वेळानें ठरवावें, काळें नंबरानें ठरवावें. दोन नंबरचा फिल्टर लावून कागदाच्या एका पट्टीवर पांच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस सेकंद असे टप्पे द्यावे. पट्टी पुरा वेळ डेव्हलप करून, धुऊन, साध्या दिव्याखालीं पाहावी. त्या वेळीं काळ्याकडे मुळींच बघूं नये. धोतराच्या घड्या, फेट्याचे पीळ कोणत्या टप्प्यावर नुकते दिसूं लागले एवढेंच पाहावें. तो वेळ खरा. मग त्याच वेळाची पुरी प्रत काढून काळ्याकडे वळावें. काळें फिकें, धुरकट असेल तर नंबर वाढवावा. काळ्यांत सर्व बुडालें असेल तर नंबर उतरवावा. नंबर बदलला म्हणजे वेळाची पट्टी पुन्हां एकदां काढून पाहावी. नवशिका बहुधा याच्या उलट करतो. त्याची नजर प्रथम काळ्यावर जाते आणि काळ्याच्या मागें धांवतां धांवतां त्याचें पांढरें हातचें जातें.

डेव्हलपरचा भाग यांत किती, असा प्रश्न येतो. पुष्कळांना वाटतें कीं, कागद भांड्यांत कमी-अधिक वेळ ठेवून कॉन्ट्रास्ट हवा तसा आणतां येतो. तिसऱ्या बिघडलेल्या प्रतीनें या समजुतीचें उत्तर दिलेलेंच आहे. कागदाला त्याचा पुरा वेळ दिला पाहिजे. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाला वीस अंश सेंटिग्रेडवर साधारण एक मिनिट, साध्या जाड कागदाला दोन ते तीन मिनिटें. डेव्हलपरमध्यें बहुधा दोन द्रव्यें मिळून काम करतात. मेटॉल लौकर सुरुवात करतें आणि मृदु चित्र देतें. हायड्रोक्विनोन मागाहून येतें आणि काळ्याला जोर देतें. या दोघांचीं वेगवेगळीं द्रावणें करून कमी-अधिक प्रमाणांत मिसळण्याची जुनी कृति आहे. तिनें अर्ध्या-एका नंबराचा फरक साधतो. त्याहून अधिकाची अपेक्षा करूं नये.

हवामानाचा विचार मात्र केलाच पाहिजे. हायड्रोक्विनोन थंडींत जवळजवळ झोंपी जातें. पौषांतल्या पहांटे कोल्हापुरांत नळाचें पाणी गार असतें. त्या वेळीं तेंच औषध आणि तोच कागद असूनहि प्रती निर्जीव येतात, आणि दोष निगेटिव्हला लागतो. भांडें कोंबट पाण्याच्या परातींत ठेवलें कीं काम सुधारतें. उलट, वैशाखांतल्या दुपारीं पारा पस्तिशीच्या वर जातो. तेव्हां औषध धांवत सुटतें, कागदावर करडी झांक चढते. अशा वेळीं माठांतलें गार पाणी परातींत घालून भांडें त्यांत बसवावें, किंवा काम रात्रीं करावें. एक साधा थर्मामीटर जवळ असला तर पुष्कळ कागद वांचतो.

पांढऱ्याचा घात करणाऱ्या आणखी दोन गोष्टी घरांतच असतात. पहिली तांबडा दिवा. तो कागदाला निरुपद्रवी आहे असें गृहीत धरूं नये. कागदाला एन्लार्जरखालीं अगदीं किंचित, फिका करडा रंग येईल एवढा उजेड द्यावा, त्यावर रुपयाचें नाणें ठेवून पांच मिनिटें दिव्याखालीं राहूं द्यावें, मग डेव्हलप करावें. नाण्याचें वर्तुळ फिकें उमटलें तर दिवा दोषी समजावा. तो दूर न्यावा किंवा बदलावा. दुसरी गोष्ट बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यांत लेन्सच्या आंत बुरशीचे तंतू धरतात. त्यांमुळें उजेड विखुरतो, पांढऱ्यावर धुकें येतें, आणि मग कितीहि कठीण फिल्टर लावला तरी प्रतींत जोर येत नाहीं. औषधें हाताळतांना चिमटे वापरावे, कारण मेटॉलनें कांहीं जणांच्या कातडीला खाज सुटते. आणि या कामाचीं भांडीं स्वयंपाकघरांत परत जाऊं देऊं नयेत.

आतां शुक्रवार पेठेंतल्या त्या न्हाणीघराकडे परत वळूं. दुसऱ्या दिवशीं मुलानें पट्टी काढली, फेट्यावरून वेळ ठरविला आणि नंबर उतरवीत एकावर आणला. आतां फेट्याचे पीळ आणि आजींच्या लुगड्याचे कांठ एकाच प्रतींत दिसूं लागले. चेहरा मात्र अजून फार गडद होता. तेव्हां त्यानें तारेच्या टोंकाला जाड कागदाची रुपयाएवढी चकती चिकटविली, आणि वीस सेकंदांपैकीं आठ सेकंद ती चेहऱ्यावरच्या उजेडांत धरून हलवीत राहिला. हलवीत राहणें महत्त्वाचें. चकती स्थिर धरली तर तिची कड प्रतींत उमटते.

प्रत वर आली, आणि चेहरा स्पष्ट दिसला. इतका स्पष्ट कीं, देवळाच्या सावलींत कोणी दिवा धरल्यासारखा. कपाळ पांढुरकें, गाल सपाट, जणुं दुसऱ्या कोणाचें तोंड तेथें चिकटविलें आहे. जुन्या काळीं फोटो काढून देणारे कित्येक जण गिऱ्हाईकाचा चेहरा असाच उजळून देत, आणि गिऱ्हाईकेंहि तें आनंदानें घेत. परंतु या घरीं उजळ बाई नको होती. जी होती तीच हवी होती. ती सावलींत उभी होती, सांवळी होती, आणि दुपारच्या झळीनें तिचे डोळे किंचित बारीक झाले होते. हें सर्व काळ्याच्या आंतच शोधावयास पाहिजे होतें.

मुलानें आठ सेकंदांचे चार केले. नंतर सर्व चित्राला कठीण फिल्टरमधून अगदीं थोडा जादा उजेड दिला. अशा फिल्टरमधून येणारा थोडा उजेड पांढऱ्यापर्यंत फारसा पोंचत नाहीं. परंतु सावलींतल्या काळ्यांना एकमेकांपासून अलग करतो. शेवटीं हाताची ओंजळ करून फक्त फेट्यावर चार सेकंद अधिक उजेड पाडला. अकरावी प्रत त्याच्या मनासारखी झाली. पाण्यांत ती फारच तजेलदार दिसत होती. परंतु ओली प्रत नेहमींच खोटी आशा दाखविते. वाळल्यावर ती थोडी गडद होते, विशेषतः जाड कागदावरची. म्हणून त्यानें मुद्दाम एक प्रत किंचित फिकी काढली, आणि दोन्ही रात्रभर वाळत ठेवल्या. सकाळीं तीच फिकी प्रत बरोबर ठरली.

आईनें चष्मा लावला आणि फोटो खिडकीजवळ नेला. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “हिची हनुवटी आपल्या सुमीची रे.” सुमी म्हणजे तिची नात. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “आणि ही हंसत होती का?” मुलानें भिंग दिलें. हंसत नव्हती, परंतु कडेवरच्या मुलीकडे तिनें मान कलती केली होती. जुन्या प्रतींत तेवढी मान सुद्धां काळ्यांत गेली होती.

भिंतीवरचा जुना फोटो काढला गेला नाहीं. नवा त्याच्याच शेजारीं लावला आहे. दोन्ही एकाच निगेटिव्हचे, त्याच दुपारचे.

श्रोतेहो, आज बहुतेक छायाचित्रें कागदाला शिवतहि नाहींत, आणि घरची अंधारखोली हा थोड्या हौशी लोकांचा छंद उरला आहे. परंतु पुष्कळ घरांतून माळ्यावर, ट्रंकेंत, लोखंडी कपाटाच्या तळाशीं जुन्या निगेटिव्ह अजून पडून आहेत. भिंतीवरचा फोटो काळा पडला किंवा मुळांतच काळा छापला गेला, म्हणून त्यांतलें माणूस गेलें असें समजूं नये. त्या निगेटिव्ह पावसाळ्यापूर्वीं बाहेर काढाव्या, कडांना धरून हाताळाव्या, कोरड्या कागदी पाकिटांत घालून ओलीपासून दूर ठेवाव्या. आणि टाकून देण्यापूर्वीं एकदां तरी, प्रत्येक निगेटिव्ह खिडकीशीं धरून, जेथें ती सर्वांत कोरी दिसते त्या जागीं भिंगांतून पाहावें.